डांबरी रस्त्याच्या अलीकडे

ही गोष्ट खरी आहे. ऐकीव नाही, मित्राच्या मित्राची नाही. माझी आहे.

पटली नाही तर सोडून द्या. मी इंजिनिअर माणूस, सगळं आयुष्य गाड्यांचे ब्रेक तपासण्यात गेलं. भुताखेतांवर माझा आजही विश्वास नाही. पण या एका गोष्टीचा उलगडा मला चाळीस वर्षांत झालेला नाही.

तारीख नक्की सांगतो. शनिवार, २७ ऑक्टोबर १९८४. दिवाळी नुकतीच संपली होती. जागा, मिशिगन राज्याच्या उत्तरेकडचं एक सरकारी जंगल. नाव मुद्दाम सांगत नाही. तिथे अजूनही लोक बाइक चालवायला जातात.

मी तेव्हा मिशिगनमध्येच, ॲन आर्बरला एम.एस. करत होतो. नाव प्रल्हाद, पण मित्र पल्या म्हणायचे. मित्र म्हणजे खरं तर एकच, श्रीराम टिकेकर. दोन वर्षं आम्ही एका खोलीत, एका कुकरवर काढली होती. सप्टेंबरमध्ये त्याला नोकरी लागली आणि तो मॅसॅच्युसेट्सला, श्रूजबरीला निघून गेला.

त्याची खाट तशीच होती. गादी गुंडाळलेली.

गावातल्या मालिनीकाकूंनी फराळाला बोलावलं होतं. मी गेलो नाही. भरल्या घरातून त्या रिकाम्या खोलीत परत यायचं जास्त जिवावर येतं. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मी टोस्टला लोणी लावून खाल्लं आणि झोपलो. सांगायला लाज वाटते, पण त्या दिवसांत मी रडायचोसुद्धा.

आमचा दोघांचा एकच शौक होता. ट्रेल बाइक. कच्च्या वाटेवर चालवायची, हलकी, नंबरप्लेट नसलेली. दोघांकडे एकेक जुनी बाइक होती. श्रीरामने जाताना त्याची विकली. माझी राहिली.

त्या शनिवारी मी ती जुन्या पिकअपमध्ये चढवली, वर ताडपत्री बांधली आणि एकटाच निघालो.

साडेतीन तासांचा रस्ता.

आता तिथली पद्धत सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

जंगल सरकारी असलं तरी बाइक कुठेही घालता येत नाही. झाडांवर नारिंगी त्रिकोण ठोकलेले असतात, त्याच वाटेने जायचं. त्रिकोण सोडून आत शिरलात की दंड. डोक्यावर हेल्मेट, बाइकवर त्या वर्षाचं स्टिकर हवं. आणि बिननंबरची बाइक डांबरी रस्त्यावर आणायची नाही. चाकसुद्धा टेकवायचं नाही. हे सगळं बघायला पोलिसांची गस्त असते.

वाटेच्या तोंडाशी एका खांबावर लाकडी पेटी होती. पेटीत रजिस्टर. नाव, फोन नंबर, आत गेल्याची वेळ, बाहेर आल्याची वेळ.

पेटीवर एक नवा कागद डकवला होता.

'पंधरा ऑक्टोबरनंतर एकट्याने आत जाऊ नये. एकटा आढळल्यास गस्तीचे पोलीस परत पाठवतील.'

साडेतीन तास गाडी हाकून आलो होतो. परत जायचं म्हणजे पुन्हा ती खोली.

तर मी काय केलं?

भारतात आमच्या कॉलेजात जे पोरं रोज करायची, तेच केलं. प्रॉक्सी लावली, म्हणजे नसलेल्या मित्राची हजेरी. श्रीरामची प्रॉक्सी मी कॉलेजात शंभरदा लावली असेल, आवाज बदलून, अक्षर बदलून. हात आपोआप चालला. आधी माझं नाव लिहिलं. मग खाली, अक्षर डावीकडे झुकवून... श्रीराम टिकेकर.

आत, दुपारी दोन वाजता.

लिहिल्यावर मला बरं वाटलं. दोघं आलोय असं वाटलं.

बाइक उतरवली, ताडपत्री पुन्हा नीट बांधली आणि आत शिरलो.

पहिला अर्धा तास मजेत गेला. पाइनची झाडं, वाळूची वाट, वर राखाडी आभाळ. अख्ख्या जंगलात दुसरं कोणी नव्हतं.

मग एका चढावर मी थ्रॉटल सोडला...

आणि मागे एक इंजिन वाजत राहिलं.

एखाद्या श्वासापुरतंच. मग बंद झालं.

मी थांबलो. हेल्मेट काढलं. मागे वळून बघितलं.

वाट रिकामी होती.

प्रतिध्वनी असणार. मी स्वतःला समजावलं आणि निघालो. पुढच्या उतारावर पुन्हा थांबलो. पुन्हा तेच. मी थांबायचो... आणि ते माझ्यानंतर थांबायचं. दरवेळी थोडं जवळ.

पक्षी नव्हते. खार नव्हती. वारासुद्धा नव्हता.

साडेचारच्या सुमारास वाटांच्या एका चौकात पोलिसांचा ट्रक दिसला. बाहेर एक म्हातारासा डेप्युटी कॉफी पीत उभा होता. छातीवर नाव होतं, लार्सन. इतकं हायसं वाटलं की मी त्याला नमस्कारच करणार होतो.

त्याने माझं स्टिकर पाहिलं, सायलेन्सर वाकून पाहिला. मग माझ्या खांद्यावरून मागे बघितलं आणि दोन बोटं वर केली.

"दोघं ना?" तो म्हणाला. तो इंग्रजीत बोलला, मी आपलं मराठीत सांगतो.

चोराच्या मनात चांदणं. मला वाटलं, त्याने रजिस्टर वाचलंय.

"हो. दोघं."

"मित्राला सांग, इतकं मागे राहू नको. अंधार लवकर पडतो हल्ली."

मी मान हलवली आणि निघालो. दोनशे फूट गेलो असेन.

मागे चौकातून... दुसरं इंजिन गेल्याचा आवाज आला.

मी वळून बघितलं नाही. खोटं कशाला बोलू, माझी पाचावर धारण बसली होती. मी सरळ परतीच्या फाट्याला लागलो.

वाटेच्या तोंडाशी पोहोचलो तेव्हा सहा वाजले होते आणि बारीक गारठलेला पाऊस सुरू झाला होता. बाइक चढवली. ताडपत्री ओढली. रजिस्टरशी गेलो तर लार्सन तिथेच उभा. बगलेत रजिस्टर, हातात टॉर्च.

"मित्र कुठाय?"

खरं सांगायला तोंड उघडलं होतं. पण मी स्टुडंट व्हिसावरचा पोरगा. पोलिसांच्या वहीत खोटं नाव लिहिलं, हे कसं सांगू? हात दाखवून अवलक्षण. उद्या त्यांनी घरी पाठवलं म्हणजे? आईनं माझ्या परीक्षेसाठी किती उपास केले होते.

"येतोय," मी म्हणालो.

"मग थांबू या," तो म्हणाला. "सगळे बाहेर आल्याशिवाय मी जात नाही."

आम्ही थांबलो. पावसात, दोघंच. तो बोलत होता.

"पाच वर्षांपूर्वी हे रजिस्टर नव्हतं. नोव्हेंबरात सहा जण आले होते, दोन ट्रक घेऊन. संध्याकाळी दोन्ही ट्रक निघाले. या ट्रकवाल्यांना वाटलं सहावा त्या ट्रकमध्ये आहे. त्यांना वाटलं यांच्यात आहे." त्याने कॉफीचा घोट घेतला. "घरी त्याची वाट बघणारं कोणी नव्हतं. तीन दिवस कळलंच नाही कोणाला. मग बर्फ पडलं. एप्रिलमध्ये बाइक सापडली, या वाटेच्या तोंडाशी. तो नाही सापडला."



"तेव्हापासून मी मोजतो," लार्सन म्हणाला. "आत किती, बाहेर किती. आज तुझा मित्र नाही आला तर मी शोधायला माणसं बोलावणार."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. माझ्या एका प्रॉक्सीपायी हा म्हातारा पावसात रात्रभर जंगल पालथं घालणार.

"ऑफिसर," मी म्हणालो, "तो आला मघाशीच. गाडीत बसलाय. थंडी वाजत होती त्याला."

लार्सनने टॉर्च पिकअपकडे फिरवला.

खूप वेळ धरून ठेवला.

मग त्याने... हात हलवला. ओळखीच्या माणसाला हलवतात तसा.

"बरं झालं," तो म्हणाला, आणि रजिस्टर माझ्यापुढे धरलं. "त्याचीही सही तूच कर. भिजलाय बिचारा."

मी सही केली. माझी. मग डावीकडे झुकलेल्या अक्षरात दुसरी.

बाहेर, सहा वाजून चाळीस मिनिटं.

पिकअपमध्ये चढलो. ओल्या पानांचा आणि टू-स्ट्रोक ऑइलचा वास येत होता. माझ्या कपड्यांचाच असेल.

मी उजवीकडे बघितलं नाही.

साडेतीन तास.

दुसऱ्या दिवशी श्रीरामला फोन लावला. त्याला सगळं नाही सांगितलं, फक्त प्रॉक्सीचं सांगितलं. तो खो खो हसला.

"पल्या, साल्या, जंगलात प्रॉक्सी? पोलिसासमोर? यार, तू कमाल आहेस! बाहेर पडताना सही केलीस ना माझी? नाहीतर मी तिथेच बसलो असतो थंडीत."

"केली रे."

"मग ठीके. मलाही इथे जाम बोअर होतंय, पल्या. वीकेंड आला की खोली खायला उठते."

फोन ठेवला...

आणि पलीकडच्या भिंतीशी कोणीतरी बूट काढले. आधी एक, मग दुसरा. जड बूट.

खोलीत मी एकटा होतो.

त्यानंतर दोन आठवडे हे चाललं. फार काही नाही. संध्याकाळी मी आलो की थोड्या वेळाने बुटांचा आवाज. सकाळी चहा करताना दाराशी कोणीतरी उभं असल्याचा भास. श्रीरामच्या खाटेवरची गादी एकदा उलगडलेली सापडली. मी ती पुन्हा गुंडाळली नाही.

कोणी मला गळ्याला धरलं नाही, काही फोडलं नाही. ते जे काही होतं, ते फक्त होतं.

आता जे सांगतो ते मी कांचनलाही, म्हणजे माझ्या बायकोलाही, फार उशिरा सांगितलं. मला त्याची सवय झाली. मी चहाचे दोन कप करायला लागलो. आल्याबरोबर "काय रे, कसा गेला दिवस?" असं मोठ्याने म्हणायला लागलो. मला बरं वाटत होतं. माणूस किती एकटा पडला की असं वागतो, ते ज्याचं त्यालाच माहीत.

मग मालिनीकाकूंचा फोन आला. "अरे, चकल्या संपत आल्या, येतोस की नाही? की आमंत्रणपत्रिका छापू?"

गेलो. शुक्रवारची संध्याकाळ होती. दारातच काकूंनी माझ्या मागे पिकअपकडे बघितलं.

"हे काय, मित्राला गाडीतच बसवलंस? रीत आहे का ही? आत बोलव त्याला."

"कोणी नाही काकू."

"मला चष्मा आहे, पण आंधळी नाही झाले अजून. दीपा, जा गं, बोलाव त्यांना."

त्यांची नऊ वर्षांची दीपा उड्या मारत गेली. काचेशी वाकली. मग सावकाश, मागे मागे सरकत परत आली.

"आई, ही वोन्ट कम," ती म्हणाली. "ही हॅज अ हेल्मेट ऑन. अँड ही इज ऑल वेट."

बाहेर गेले आठ दिवस पाऊस नव्हता.

काकू हसल्या. 

त्या घटकेपर्यंत मी मनाची समजूत घालत होतो. एकटेपणा, अभ्यासाचा ताण, वगैरे. आता त्याला दुसऱ्यांनीही बघितलं होतं. दीपाने माझ्यासमोर आपल्या आईचा पदर घट्ट धरला, आणि मला माझ्या खोलीची भयंकर भीती वाटायला लागली.

मी ठरवलं. जिथून आणला, तिथे सोडायचा.

दुसऱ्याच दिवशी, १० नोव्हेंबरला, पुन्हा निघालो. वाटेत एक शब्द बोललो नाही. शेजारच्या सीटवरून ओल्या पानांचा वास येत होता.

पेटीशी थांबलो. रजिस्टरमध्ये दोन नावं लिहिली. मग बाइक काढली आणि आत गेलो. मागचं इंजिन लगेच सुरू झालं. या वेळी ते लपत नव्हतं. मी वळलो की वळायचं, मी हळू झालो की हळू व्हायचं. एका सरळ पट्ट्यावर तर ते अगदी बरोबरीला आलं... आणि माझ्या इंजिनाच्या तालात वाजत राहिलं, श्रीराम यायचा तसं.

खुश होतं ते. माझी शपथ, ते खुश होतं.

लांबच्या एका वळणावर मी एकदम वेग वाढवला, परतीच्या फाट्याला घुसलो आणि जीव खाऊन सुटलो. लार्सन फेरीवर होता, पेटीशी कोणी नव्हतं. बाइक कशीबशी चढवली. रजिस्टरमध्ये एकच सही केली. माझी.

पिकअप सुरू केला. वाटेच्या तोंडापासून डांबरी रस्ता जेमतेम शंभर फूट.

डांबरावर चढलो...

आणि मागून ती बाइक आली. जोरात. जंगलातून सरळ माझ्या दिशेने.

मी आरशात बघितलं. दिसलं काहीच नाही. आवाज मात्र वाढत वाढत आला, अगदी रस्त्याच्या कडेपर्यंत. आणि तिथे थांबला.

डांबराच्या अलीकडे.

बिननंबरची बाइक डांबरी रस्त्यावर आणायची नाही. तो नियम पाळत होता.

इंजिन तसंच चालू राहिलं. एकदा थ्रॉटल दिला त्याने. पुन्हा एकदा. आपण पुढे गेलेल्या मित्राला थांब म्हणून खूण करतो ना, तसा.

मी थांबलो नाही.

रविवारी सकाळी आठला फोन वाजला. नंबर रजिस्टरमध्ये मीच लिहिलेला.

"लार्सन बोलतोय," आवाज थकलेला होता. "तुझा मित्र बाहेर आलेला नाही. रात्रभर शोधतोय आम्ही."

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"बुटांचे ठसे आहेत. डांबरी रस्त्याच्या कडेला. खूप वेळ येरझाऱ्या घातल्यात कोणीतरी. तुझे बूट केवढे?"

"आठ नंबर."

"हे बाराचे आहेत." तो म्हणाला. "दुपारपासून बर्फ सांगितलंय. माझ्याकडे सहा माणसं आहेत, अजून मागवता येतील. तू सांग, कुठे शोधू?"

त्या क्षणी मी म्हणू शकलो असतो, की थांबा, मी येतो. साडेतीन तासांत पोहोचलो असतो. पिकअपचं दार उघडून नुसतं उभं राहिलो असतो, तरी पुरलं असतं.

खाटेवर गादी उलगडलेली होती. खोलीत कसलाही आवाज नव्हता.

"ऑफिसर," मी म्हणालो, "तिथे कोणी नाही. मी एकटाच होतो. दुसरं नाव मी खोटं लिहिलं होतं. दोन्ही वेळा."



"नक्की?" लार्सनने विचारलं. "पुन्हा विचारतो. मी माणसं परत बोलावली की संपलं. नक्की कोणी नाही?"

"नक्की. कोणी नाही."

तो माझ्यावर ओरडला नाही. तक्रारही केली नाही. फक्त फोन ठेवताना म्हणाला, "पण मी त्याला बघितला होता, गाडीत. तुझ्याकडे बघत बसला होता."

त्या दुपारी तिकडे नऊ इंच बर्फ पडलं.

पुढे डिग्री मिळाली, तिथेच जवळ नोव्हाय गावात नोकरी लागली, लग्न झालं, मुलं झाली. बाइक मी त्याच हिवाळ्यात विकली. माझ्या घरात पुन्हा कधी बुटांचा आवाज आला नाही. कोणी माझ्या मागे लागलं नाही. वाचणाऱ्यांना वाटेल, सुटला बाबा.

मी सुटलेलो नाही. मला आता त्याची भीती वाटत नाही. भीती वेगळीच आहे. तो माझ्यावर रागावला असता तर चाललं असतं. पण त्याला अजून वाटत असेल की मी विसरलोय, आणि आठवलं की वळून येईन.